भावोजींच्या तोंडी ताईची प्रार्थना

माझे भावोजी कवळ्या करायचे. दातांच्या डॉक्टरांकडून रोग्याच्या तोंडाचं माप यायचं, त्यावरून भावोजी वरचा-खालचा जोड तयार करून परत पाठवायचे. चाळीसच्या वर वर्षं त्यांनी हेच केलं. आपल्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या घरातून गेलंय, असं ताई म्हणायची, आणि त्यात फार काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

त्यांची कामाची खोली घरातच होती. मोठ्या खोलीत मध्येच प्लायवूड ठोकून दोन भाग केलेले. एका भागात भावोजींचं टेबल, दिवा, गॅसची छोटी शेगडी, मेणाच्या पट्ट्या, पॉलिश करायची मोटर. भिंतीतल्या फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे जबडे रांगेनं मांडलेले. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा समोर आलेला चहा मला घशाखाली उतरेना. भावोजींना मात्र ते जबडे म्हणजे ओळखीची माणसं. एखादा हातात घेऊन सांगायचे, "हे गृहस्थ फक्त उजव्या बाजूनं चावतात. डावीकडे काहीतरी दुखतंय, पण घरी सांगत नाहीत."

कवळी तोंडात बसली म्हणजे काम झालं, असं ते मानत नसत. माणसाचा जुना फोटो मागवायचे. एखादा दात मुद्दाम किंचित वाकडा बसवायचे, म्हणजे तो परका वाटत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका एकदा तणतणत आल्या होत्या. नवी कवळी घातल्यापासून त्यांच्या प्रत्येक 'स'बरोबर शिट्टी वाजत होती. भावोजींनी त्यांना समोर बसवून तासभर 'ससा, सासू, सरसकट' म्हणायला लावलं आणि दर खेपेला कानसीनं केसभर घासत राहिले. जाताना बाई म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ओळीनं शंभर वेळा 'सासू' म्हणायला लावलं."

या माणसाशी माझ्या बहिणीनं लग्न करू नये, असं मला वाटत होतं. कारण कवळ्यांचं नव्हतं. कारण असं की ते देव मानत नव्हते, आणि आमच्या घरात सकाळ प्रार्थनेनं सुरू व्हायची. ही प्रार्थना कुठल्या पुस्तकातली नव्हती. आमच्या आईनं स्वतःच्या शब्दांत जुळवलेली, दहा-बारा ओळींची. 'उजाडलं, ही तुझी कृपा. डोळे उघडले, ही तुझी कृपा,' अशी सुरुवात. मग 'बाहेर गेलेल्यांना घरी आण, घरातल्यांना एकमेकांजवळ ठेव,' आणि शेवटी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं. आईनं आम्हा दोघींना ती शिकवली. ताईनं ती धरून ठेवली. मी घाईघाईत उरकायला शिकले.

भावोजी ताईला बघायला आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि दाराआड उभी होते. ते सरळ म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो. मी देव मानत नाही. लग्नानंतर कळलं तर फसवल्यासारखं होईल."

आमचे बाबा खाकरले. आईनं कप खाली ठेवला. ताईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "मी मानते. दोघांना पुरेल एवढं."

भावोजी हसले. त्या हसण्यावर ताई भाळली, असं ती मला नंतर म्हणाली. मी म्हटलं, "कवळी करणाऱ्याचं हसणं चांगलंच असणार. त्यात काय मोठंसं?" पण तिचं ठरलं होतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. तिचं नाव ठेवायचंही राहून गेलं. ताई चार महिने आमच्याकडे येऊन राहिली. त्या चार महिन्यांत तिनं एकदाही प्रार्थना म्हटली नाही. आई म्हणायला बसली की ताई उठून गच्चीवर जायची. मला मनातून वाटलं, झालं, आता ही नवऱ्याच्या बाजूला गेली.

ती परत सासरी गेल्यानंतरची हकिकत मला पुढे कित्येक वर्षांनी तिनंच सांगितली. तिची प्रार्थनेची जागा प्लायवूडच्या अलीकडे होती, खिडकीजवळ एक बुटका स्टूल. घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर खिडकी उघडलेली, स्टूल पुसून जागेवर ठेवलेला, आणि भावोजी पलीकडे आपल्या कामाला बसलेले. ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दीड महिना रोज सकाळी खिडकी उघडलेली आणि स्टूल पुसलेला. एकदाही त्यांनी विषय काढला नाही. एका सकाळी ती बसली.

"त्यांना विचारलं नाहीस, तुम्ही तर मानत नाही, मग हे कशाला म्हणून?" मी म्हटलं.

"विचारलं की," ताई म्हणाली. "म्हणाले, तुझं जे गेलं ते मला परत आणता येत नाही. हे एक राहिलं होतं, ते आणता आलं तर बघावं."

मग मुलगा झाला. तो मोठा झाला, शिकला, नोकरीसाठी दूर गेला. माझंही लग्न झालं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, नवरा लवकर गेला, मी एकटी राहिले आणि दर रविवारी ताईकडे जात राहिले. भावोजींशी माझी थट्टामस्करी चालायची. मी म्हणायची, "भावोजी, वर गेल्यावर काय सांगाल?" ते म्हणायचे, "तिथे कुणी असलंच तर म्हातारंच असेल. दात बघू म्हणेन." ताई तोंडाला पदर लावून हसायची. मला ते आवडू लागले होते, पण मनात एक अढी होती. मला वाटायचं, हा माणूस चांगला आहे, पण आतून कोरडा आहे.

ताई अठ्ठावन्न वर्षांची असताना एका दुपारी स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. तिला सगळं समजत होतं. आपण बोलायला गेलो की भलताच आवाज बाहेर येतो हेही समजत होतं, म्हणून तिनं तोंड उघडणंच सोडलं. माझी बहीण, जी भाजीवाल्याशी अर्धा तास बोलायची, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली.

मी रजा टाकून त्यांच्याकडे राहायला गेले. भाचा पंधरा दिवस राहून परत गेला, त्याचाही इलाज नव्हता. भावोजींनी दातांच्या डॉक्टरांकडे निरोप पाठवला की दोन महिने नवीन काम घेणार नाही. ताईला उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं ते करायचे. तोंडाची त्यांना इतकी माहिती होती की घास कुठल्या बाजूनं द्यायचा, गिळताना मान किती वाकवायची, हे रुग्णालयातल्या नर्सनंच त्यांच्याकडून शिकून घेतलं.

रुग्णालयातून घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी ताईला म्हटलं, "आपली प्रार्थना म्हणूया का? मी म्हणते, तू ऐक." तिनं डोळे माझ्याकडे वळवले. मी सुरुवात केली. चार ओळी झाल्या, पाचवी आठवेना. मी दुसरीच काहीतरी जोडली. ताईनं डोळे मिटून घेतले आणि डोळ्यांतून पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात माझी हयात गेली, आणि स्वतःच्या आईच्या दहा ओळी मला धड येत नव्हत्या.

दारात भावोजी दूध घेऊन उभे होते. त्यांनी पेला खाली ठेवला, पलंगाच्या कडेला बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "उजाडलं, ही तुझी कृपा."

त्यांनी ती पूर्ण म्हटली. एक शब्द मागेपुढे नाही. ताई जिथे श्वास घ्यायची तिथे श्वास, जिथे थांबायची तिथे थांबणं. आमच्या आईबाबांची नावं, माझं नाव, माझ्या गेलेल्या नवऱ्याचं, भाच्याचं. आणि भाच्याच्या आधी, 'जी नऊ दिवस आली तिला तुझ्याजवळ ठेव.' ही ओळ ताईनं घातलेली होती, मला माहीतच नव्हती.

ते थांबले तरी ताईचं समाधान झालं नव्हतं. तिनं डाव्या हातानं पलंगावर थाप मारली. भावोजी म्हणाले, "झालं ना गं सगळं." तिनं पुन्हा थाप मारली, जोरात. भावोजी कानापर्यंत लाल झाले. त्या वयाच्या माणसाला इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, धाकटी बसलीय इथे," ते पुटपुटले.

तिसरी थाप.

मग भावोजींनी जमिनीकडे बघत, भराभर, शेवटची ओळ म्हटली: "आणि ह्यांना सांभाळ. हे तुला मानत नाहीत, पण माणूस चांगला आहे, तेवढं बघ."

ताईच्या चेहऱ्याच्या चांगल्या बाजूवर हसू उमटलं. आजारपणानंतरचं पहिलं.

मी नंतर स्वयंपाकघरात भावोजींना गाठलं. "तुम्हाला हे कधीपासून येतं?"

"रोज ऐकत होतो ना. प्लायवूड ते काय, कागदासारखं."

"पण तुम्ही तर त्या वेळी काम करायचात."

"मेणात दात बसवायचं काम. त्याला आवाज नसतो." मग म्हणाले, "मोटर मी तिचं झाल्याशिवाय कधी लावली नाही. तिला त्रास नको म्हणून. म्हणजे, मला असं वाटायचं की तिला त्रास नको म्हणून."

"मग कशासाठी?"

त्यांनी दुधाचा पेला विसळला, उपडा ठेवला. "रुग्णालयात एका रात्री तिच्याजवळ बसलो होतो. सकाळ झाली आणि मला काही सुचेना. हात कशाला लागेना. तेव्हा लक्षात आलं, पस्तीस वर्षं माझा दिवस तिच्या आवाजानं सुरू होत होता. मी मानत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, धाकटे. मी ऐकत होतो, हे ठाऊक नव्हतं."

तेव्हापासून रोज सकाळी भावोजी प्रार्थना म्हणू लागले, आणि रोज शेवटी मान खाली घालून स्वतःलाच 'ह्यांना' म्हणू लागले. मी एकदा विचारलं, "तुम्हाला खोटं नाही वाटत? मानत नाही आणि म्हणता?" माझ्या विचारण्यात थोडा खवचटपणा होता, हे कबूल करते. त्यांनी तो मनावर घेतला नाही. म्हणाले, "तिची चिठ्ठी आहे. तिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहून देतोय. मजकूर तिचा."

तीन आठवड्यांनी असं झालं की 'बाहेर गेलेल्यांना घरी' एवढं म्हणून भावोजींना ठसका लागला, आणि पलंगावरून आवाज आला, "आण." स्पष्ट. आम्ही दोघंही दचकलो. ताई स्वतःच जास्त दचकली.

रुग्णालयातली स्पीच थेरपिस्ट तरुण होती, भाच्याच्या वयाची. तिला हे सांगितल्यावर तिनं समजावलं, की स्वतः जुळवून बोलणं मेंदूतल्या एका जागेतून येतं, ती जागा दुखावली की ते जातं. पण वर्षानुवर्षं घोकलेलं, पाठ झालेलं, काही माणसांच्या बाबतीत शिल्लक राहतं. तिथून धरून पुढे जाता येतं. "रोज म्हणा," ती म्हणाली, "आणि मध्येच थांबत जा."

भावोजींना आता काम मिळालं. ताईला आरशासमोर बसवायचे. जीभ टाळूला कुठे लागली की 'त' होतो, कुठे लागली की 'ट', हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? प्लॅस्टरचा जबडा हातात धरून बोट ठेवून दाखवायचे. ओळीतला शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडायचे. मग शेवटचे दोन. कधी ती चिडून चमचा फेकायची. भावोजी चमचा उचलायचे आणि म्हणायचे, "नेम सुधारलाय. कालपेक्षा लांब गेला." त्यांचा स्वतःचा धीरही कधी सुटायचा. एकदा मी त्यांना कामाच्या खोलीत दिवा बंद करून नुसते बसलेले पाहिलं. थोड्या वेळानं ते तोंड धुऊन बाहेर आले आणि तिचे केस विंचरायला बसले.

ताई सहा वर्षं जगली. पूर्वीसारखं बोलणं आलं नाही. पण प्रार्थना सबंध म्हणू लागली, आणि प्रार्थनेतल्या शब्दांवरून रोजचं भागवू लागली. दार उघडायचं असेल तर 'उघडले' म्हणायची. मी निघाले की 'घरी आण.' भावोजींना हाक मारायची 'ह्यांना.' नुसतं 'ह्यांना.' आणि ते जिथे असतील तिथून 'आलो' म्हणायचे. दिवसातून पन्नास वेळा. त्या सहा वर्षांत माझ्या बहिणीइतकं सुख मी फार थोड्या बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे, हे मी विचार करून लिहिते आहे.

ती झोपेतच गेली, पहाटे. भावोजींनी मला फोन केला तेव्हा आवाज शांत होता. मी पोचले तर त्यांनी तिचे केस विंचरून ठेवले होते.

महिन्याभरानं मी धीर करून विचारलं, "भावोजी, आता सकाळी म्हणता का?"

"म्हणतो."

"मानायला लागलात?"

उगाच उत्तर द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. "नाही गं," ते म्हणाले. "प्रयत्न करून पाहिला. नाही जमलं. पण म्हणताना मी एकटा नसतो. आता एवढं खरं आहे, त्याला काय नाव द्यायचं ते तू ठरव. तुला जास्त समजतं त्यातलं."

मला काय समजत होतं? मी जन्मभर मानत आले, पण त्यांच्याइतकं मन लावून मी कधी काही म्हटलेलं नाही. ज्या माणसाला मी आतून कोरडा म्हणत होते, त्याच्याकडून मी आईची पाचवी ओळ पुन्हा शिकले.

याला आता अकरा वर्षं झाली. भावोजी एकोणऐंशी वर्षांचे आहेत. कवळ्यांचं काम त्यांनी हात थरथरू लागल्यावर बंद केलं, पण त्या स्पीच थेरपिस्टनं त्यांना सोडलं नाही. दर मंगळवारी आणि गुरुवारी ते रुग्णालयात जातात. वाचा गेलेला नवा रोगी आला की भावोजी त्याच्या घरच्यांना एकच प्रश्न विचारतात, "हे घरात रोज काय म्हणायचे?" एक बस कंडक्टर होते, त्यांचे मार्गावरचे बावीस थांबे भावोजींनी पाठ केले आणि त्यांच्याबरोबर म्हणत बसले. सातव्या आठवड्यात कंडक्टरांनी त्यांना तिकीट विचारलं. एका शिक्षकाचे पाढे निघाले. एका आजोबांच्या फक्त शिव्या निघाल्या. भावोजींनी त्याही शिकून घेतल्या आणि गंभीरपणे त्यांच्यासमोर म्हटल्या. थेरपिस्ट हसू आवरण्यासाठी बाहेर गेली, पण आजोबांनी पुढची शिवी स्वतः पूर्ण केली.

गेल्या आठवड्यात एक बाई दाखल झाल्या. मुलगा आणि सून सोबत होते. भावोजींनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघू लागले. मुलगा म्हणाला, "आई फारशी बोलायचीच नाही."

"असं नसतं," भावोजी म्हणाले. "शेजारी कोण राहतं?"

त्या दिवशी माझे गुडघे दाखवायला मीही रुग्णालयात गेले होते, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. त्या बाईंच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मी खालच्या पायरीवर बसले. भावोजी कठड्याला धरून, दर वळणावर थांबत, तीन जिने चढून गेले. अर्ध्या तासानं खाली आले तेव्हा दम लागला होता आणि हातात चतकोर कागद होता.

"मांजर येतं त्यांच्याकडे," ते म्हणाले. "रोज सकाळी. त्याच्याशी बोलायच्या. शेजारीण ऐकायची." त्यांनी चष्मा वर करून वाचलं, "'आलीस का महाराणी. पाय पूस. आत ये, दूध निवतंय.'"

पुन्हा एकदा वाचलं, आणि मान हलवली. "माझ्या आवाजात नाही चालायचं हे. बाईमाणसाचा आवाज पाहिजे. तू येशील का गुरुवारी?"

मी म्हटलं, मला असलं काही जमत नाही, माझं पाठांतर तुम्हाला माहीत आहे. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि माझा दुसरा हात धरून मला पायरीवरून उठवलं.

"चार वाक्यं आहेत," ते म्हणाले. "घरी जाईपर्यंत होतील."

बसथांब्यापर्यंत आम्ही हळूहळू चालत गेलो. मी म्हणत होते, आणि ते माझं चुकलेलं सुधारत होते.